नक्षी आधी, आडवा काप नंतर: एंड-ग्रेन बोर्डावरचे वाचकांचे प्रश्न

लाकडाचे धागे उभे ठेवून केलेला चॉपिंग बोर्ड, म्हणजेच एंड-ग्रेन बोर्ड, घरच्या घरी करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकातच सामावले आहेत. मापं मिलिमीटरमध्ये.

प्रश्न: एंड-ग्रेन बोर्ड देखणा असतो, मान्य. पण दोनदा चिकटवा, दोनदा सपाट करा हा खटाटोप वापराच्या दृष्टीने खरंच कामाचा आहे का?

आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. आडव्या फळीच्या बोर्डावर सुरी धागे तोडते. तुटलेले धागे उचकटतात आणि चर कायमचा राहतो. एंड-ग्रेनमध्ये नळ्यांची जुडी उभी धरावी तसे धागे असतात. सुरीची धार त्यांच्यामधून शिरते आणि ती काढली की धागे बरेचसे पुन्हा मिटतात. त्यामुळे सुरीची धार जास्त टिकते आणि बोर्डावर चिरा कमी दिसतात.

आता किंमत. हा बोर्ड पाणी आणि तेल दोन्ही भराभर पितो आणि जड होतो. ४०० × ३२० × ४० मापाचा बोर्ड सागवानाचा केला तरी सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: फळी फक्त रुंदीत फुगते-आकसते, एंड-ग्रेन बोर्ड मात्र लांबी आणि रुंदी दोन्हींत हलतो. पुढचे निम्मे प्रश्न याच एका कारणातून आलेले आहेत.

प्रश्न: सागवानाचा ३०० मिमी रुंद एंड-ग्रेन बोर्ड केला. चारी बाजूंनी अक्रोडाच्या पट्ट्यांची चौकट, कोपरे ४५ अंशांत जुळवून, गोंदाने पक्की केली. काही आठवड्यांनी दोन कोपरे उघडले, आणि आता मधोमध एक बारीक भेग दिसते आहे. गोंद खराब निघाला का?

गोंदाचा काही दोष नाही. उलट तो चांगला होता म्हणूनच लाकूड फाटलं.

हिशोब करून बघा. लाकूड ओलं असताना धाग्यांमध्ये पाणी मुरलेलं असतं. साधारण ३० टक्के ओलाव्यापासून शून्यापर्यंत वाळताना सागवान वाढीच्या वलयांच्या कडेने सुमारे ५.८ टक्के आणि वलयांना आडवं सुमारे २.५ टक्के आकसतं. ओलावा ४ टक्क्यांनी बदलला, जे ऋतू पालटताना सहज होतं, तर ३०० मिमी रुंदीत फरक पडतो ३०० × ०.०५८ × ४ ÷ ३०, म्हणजे २.३ मिमी. वलयं दुसऱ्या दिशेत असतील तर १ मिमी. साखर-मेपलसारख्या कडक मेपलमध्ये हाच आकडा जवळजवळ ४ मिमीवर जातो. आणि तुमच्या चौकटीची पट्टी? तिचे धागे तिच्या लांबीत धावतात, आणि धाग्यांच्या लांबीत लाकूड जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के हलतं. तेवढ्याच ओलाव्याला तिच्या वाट्याला एक दशांश मिलिमीटरसुद्धा येत नाही.

म्हणजे बोर्ड फुगला तेव्हा त्याने चौकट बाहेर ढकलली आणि कोपरे उघडले. नंतर तो आकसला, चौकटीने त्याला सोडलं नाही, आणि मधे भेग पडली. बिघाड कुठे झाला त्यावरून त्याची वेळही कळते.

उपाय एकच: चौकट करवतीने कापून काढून टाका. भेग आरपार असेल तर तिच्यावरूनच सरळ काप घ्या, दोन्ही तोंडं रंध्याने सरळ करा आणि पुन्हा चिकटवा. बोर्ड ५-६ मिमीने लहान होईल, पण वाचेल. कडेला वेगळा रंग हवाच असेल तर त्या पट्टीचेही धागे उभेच हवेत. ती लांबलचक पट्टी नसून तुकड्यातुकड्यांची रांग असेल. लांब धाग्यांच्या चौकटीला गोंद न लावता खाचेत तरंगती ठेवण्याचे प्रकार छायाचित्रात छान दिसतात. चॉपिंग बोर्डात मात्र त्या फटीत पाणी आणि अन्न साचतं, म्हणून आम्ही तो मार्ग सुचवत नाही.

प्रश्न: बुद्धिबळाच्या पटासारखा, ४० मिमीच्या चौकोनांचा बोर्ड करायचा आहे. किती पट्ट्या, किती लांब?

४०० × ३२० × ४० असा बोर्ड धरू, म्हणजे १० × ८ चौकोन.

पहिल्या फेरीत पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून पॅनेल करायचं. फिक्या लाकडाच्या ५ आणि गडद लाकडाच्या ५, एकाआड एक. प्रत्येक पट्टी ४० रुंद, ४३ जाड, ५०० लांब. पॅनेल दोन्ही बाजूंनी सपाट करून जाडी बरोबर ४० वर आणायची, कारण हीच जाडी पुढे चौकोनाची दुसरी बाजू होणार आहे. मग आडवे काप घ्यायचे, ४३ मिमीचे. करवतीची खाच ३ मिमी धरली तर एका कापाला ४६ लागतात. आठ कापांना ३६८, नववा राखीव धरला तर ४१४. दोन्ही टोकांना २०-२० मिमी छाटणीला जातं. उरलेली लांबी प्लेनर (फळी एकसारख्या जाडीची करणारं यंत्र) पॅनेलच्या टोकाशी जो खड्डा पाडतो त्याच्यासाठी. राखीव काप घ्याच. एखादा काप करवतीखाली उडाला तर तोच रंग, तीच जाडी पुन्हा जमवणं जिवावर येतं.

काप ४३ मिमीचे, कारण शेवटच्या सपाटीकरणात वरून-खालून दीड-दीड मिलिमीटर जातो. ३० मिमीपेक्षा पातळ एंड-ग्रेन बोर्ड करू नका. एका बाजूने ओला झाला की वाकतो आणि पडला तर जोडाशेजारून सरळ मोडतो.

पट्ट्यांची संख्या सम ठेवा. काप घेतल्यावर ते धागे उभे येतील असे वळवून दुसऱ्या फेरीत शेजारी शेजारी चिकटवायचे. त्यात दर दुसरा काप टोकाकडून टोकाकडे उलटला की फिक्याशेजारी गडद येतो आणि पट तयार होतो. ९ किंवा ११ पट्ट्या घेतल्या तर दोन्ही टोकांना एकच रंग येतो. मग काप कितीही उलटा, रांग तशीच दिसते. विषम संख्या हवीच असेल तर उलट्या क्रमाचं दुसरं पॅनेल करावं लागेल, किंवा वीटबांधणीसारखं अर्ध्या चौकोनाने सरकवावं लागेल.

लाकडाचा ओलावा ८ ते १२ टक्क्यांत, आणि सगळ्या पट्ट्यांमधला फरक २ टक्क्यांच्या आत. गोंद डी३ किंवा डी४ दर्जाचा, म्हणजे पाण्यापुढे टिकणारा. क्लॅम्प दर १५० मिमीला, एक वरून एक खालून, नाहीतर पॅनेलला बाक येतो. दहाही पट्ट्या एकदम चिकटवायचा हट्ट नको. पाच-पाचचे दोन गट करून मग ते जोडले की घाई होत नाही. जोडातून बाहेर आलेला गोंद रबरासारखा झाला की खरवडून काढा. पुरता कडक झालेला गोंद प्लेनरच्या पात्यांना खाचा पाडतो.

सागवान वापरत असाल तर आणखी दोन गोष्टी. ते तेलकट असतं, म्हणून रंधा मारल्यावर लगेच अ‍ॅसिटोनने पुसून पाव तासाच्या आत चिकटवा. आणि त्यात सिलिका असते, साध्या पोलादी पात्याची धार बघता बघता जाते. कार्बाइडचं पातं लावा.

प्रश्न: सगळं मोजून केलं, तरी चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत. कुठे कुठे एक-दीड मिलिमीटर चुकतात.

तीन कारणं संभवतात.

पहिलं, आणि बहुतेक वेळा हेच असतं: पॅनेलची एक कड सरळ करण्यासाठी तुम्ही ती छाटली. त्यामुळे पहिली पट्टी ३८.५ झाली आणि दहावी ४० राहिली. काप उलटला की ३८.५ च्या समोर ४० येते आणि कडेपासून प्रत्येक जोड दीड मिलिमीटर सरकतो. छाटायचंच तर दोन्ही कडा सारख्या छाटा. किंवा मुळीच छाटू नका. दुसऱ्या फेरीत कडा जुळवण्याऐवजी मधला जोड जुळवा आणि कडांचं वेडंवाकडं शेवटी एकदाच कापून टाका.

दुसरं, पट्ट्यांच्या रुंदीत बारीक फरक. ०.१ मिमी डोळ्याला दिसत नाही, पण पाच पट्ट्यांत तो साठून अर्धा मिलिमीटर होतो. करवतीवरून आलेल्या पट्ट्या प्लेनरमधून एकाच सेटिंगवर, एकामागून एक काढा. मधे सेटिंग बदलून परत आणलं की ते ‘तेच’ राहत नाही.

तिसरं, चिकटवताना घसरणं. ओल्या गोंदावर दाब आला की काप तिरके सरकतात. दोन-दोन काप आधी जोडून घ्या. प्रत्येक जोडावर डोळा ठेवून बोटाने कोपरे जुळवा, हलका दाब द्या, दोन मिनिटं थांबा, मग पूर्ण आवळा. चिमटीभर बारीक मीठ गोंदावर टाकून घसरण थांबवण्याची युक्ती लोकप्रिय आहे आणि ती चालते. पण दोन-दोन करून जोडणाऱ्याला तिची गरज पडत नाही.

चौकोनांचा नाद पहिल्याच बोर्डात नको असेल तर वीटबांधणीची नक्षी घ्या. तिच्यात कोपऱ्यासमोर कोपरा येतच नाही, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: दोन रांगांच्या मधे २ मिमी जाडीची काळसर रेघ हवी होती. शिसवीच्या लांब पट्ट्या कापांच्या मधे चिकटवल्या. काहींच्या शेजारी जोड सुटला. रेघ घालूच नये का?

घाला, फक्त वेगळ्या टप्प्यावर. तुमच्या रेघेचे धागे बोर्डाच्या लांबीत आडवे पडले आहेत, म्हणजे चौकटीवाला घोटाळाच छोट्या प्रमाणात झाला.

युक्ती अशी. पहिलं पॅनेल सपाट झालं की आडवे काप घेण्याआधी त्याच्या खालच्या तोंडावर २ मिमीचा शिसवीचा थर चिकटवा, धागे पट्ट्यांच्या लांबीतच. थर अखंड नसला तरी चालतो, तीन-चार रुंद पातळ फळ्या शेजारी शेजारी लावा. दाब सारखा पडावा म्हणून वर जाड सपाट फळी ठेवून क्लॅम्प करा. आता आडवा काप घेतला की प्रत्येक कापाच्या एका बाजूला शिसवीची रेघ आपोआप येते आणि तिचे धागे बाकीच्या लाकडासारखेच उभे असतात. जाडीच्या हिशोबात हे २ मिमी धरायला विसरू नका: आठ रांगांना १६ मिमी वाढतात.

पट्ट्यांच्या मधली, दुसऱ्या दिशेची रेघ याहून सोपी. पहिल्या फेरीतच दोन पट्ट्यांच्या मधे पातळ पट्टी घातली की झालं.

काप उलटताना मात्र थांबून विचार करा. टेबलावर आडवा पडलेला काप गोल फिरवून टोकं अदलाबदल केली, तर रेघ पलीकडच्या बाजूला जाते. मग एका जोडात दोन रेघा एकत्र येतात आणि पुढच्यात एकही नसते. काप असा पालटायचा की त्याचा तळ वर यावा आणि टोकं बदलावीत, रेघ मात्र ज्या बाजूला होती तिथेच राहावी. गोंद उघडण्याआधी सगळे काप कोरडे मांडा आणि प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर पेन्सिलीने क्रमांक व बाण काढा.

प्रश्न: बोर्डात डव्हटेल (कबुतराच्या शेपटासारखा टोकाशी रुंद होणारा जोड) किंवा डमरूच्या आकाराच्या चाव्या दिसाव्यात अशी इच्छा आहे. तयार बोर्डाच्या कडेला डव्हटेल कापून पाहिला, तो टप्प्याटप्प्याने तुटून पडला.

तुटणारच. कडेवर डव्हटेलची जीभ काढली तेव्हा ती १२ मिमी जाड राहिली असेल. धागे उभे आहेत, म्हणजे जिभेतल्या प्रत्येक धाग्याची लांबी १२ मिमी. एवढ्याशा तुकड्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं काहीच नाही. जीभ, चूळ, खाचेत बसणारा कुठलाही बारीक भाग तयार एंड-ग्रेन बोर्डाच्या कडेवर काढू नये, हा नियमच समजा.

आता मजेचा भाग. डव्हटेलचा आकार बोर्डाच्या वरच्या तोंडावर दिसायला हवा असेल, तर तो लांब पट्ट्यांमध्ये, धाग्यांच्या दिशेने कापा. पट्ट्या एकमेकींत बसवा, चिकटवा आणि मग आडवे काप घ्या. प्रत्येक कापावर तोच डव्हटेल उमटतो, तोही नेमका सारखा. एकदा बसवलेल्या जोडातून आठ-दहा जोड निघतात.

तपशील असा. राऊटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटाने, खाच पाडणारं यंत्र) टेबलवर १४ अंशांचं, १२.७ मिमी व्यासाचं डव्हटेल बिट, उंची १० मिमी. गडद पट्टीच्या कडेत मधोमध खाच पाडायची. डव्हटेल बिट पूर्ण खोलीवर एकाच फेरीत चालवावं लागतं, टप्प्याटप्प्याने खोली वाढवली तर खाचेचा आकारच बिघडतो. म्हणून आधी ६ मिमीच्या सरळ बिटाने साडेनऊ मिमी खोल चर काढून घ्या. खाचेचं तोंड ७.७ च्या आसपास येतं, त्यामुळे हा चर आत सहज मावतो. फिक्या पट्टीची रुंदी ४० ऐवजी ५० घ्या, कारण १० मिमी शेपूट आत जाणार आहे. शेपूट त्याच बिटाने, उंची न बदलता, फक्त मागची आधारपट्टी सरकवून दोन्ही बाजूंनी कापायची. हे आधी टाकाऊ तुकड्यावर जुळवा.

किती घट्ट? कोरडं असताना हाताच्या जोराने सरकायला हवं, हातोडी लागता कामा नये. एकूण ढिलाई ०.१ ते ०.१५ मिमी. ०.२ च्या पुढे गेलात तर एंड-ग्रेनवर गोंदाची रेघ उठून दिसते, विशेषतः मेपलमध्ये.

इथेच बहुतेकांचं काम अडतं: ५०० मिमी लांब शेपटाला पांढरा गोंद लावून सरकवायला घेतलं की गोंदातल्या पाण्याने लाकूड फुगतं आणि पट्टी अर्ध्यावर गच्च बसते. ना पुढे, ना मागे. दोन मार्ग आहेत. पट्ट्या २५० च्या दोन तुकड्यांत करा. २५० मध्ये पाच काप बसतात, म्हणून दोन पॅनेल लागतील आणि दोन्हींच्या खाचा एकाच सेटिंगवर काढाव्या लागतील. किंवा तासभर ओला राहणारा सावकाश सुकणारा इपॉक्सी (दोन घटक मिसळून वापरायचा गोंद) वापरा, त्यात पाणी नसल्याने लाकूड फुगत नाही. इपॉक्सी पूर्ण सुकायला डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या, मगच पुढचं काम.

डमरूसाठी शेजारच्या दोन्ही पट्ट्यांत तशीच खाच पाडा आणि त्यांच्यात तिसऱ्या रंगाची चावी-पट्टी सरकवा. ही पट्टी २० रुंद आणि १२.७ जाड कोऱ्या पट्टीतून निघते. एका कडेवर दोन्ही बाजूंनी शेपूट कापायचं, पट्टी उलटून दुसऱ्या कडेवर तसंच करायचं, म्हणजे चार फेऱ्या. मधली कंबर ७.७ राहते. शेवटच्या दोन फेऱ्यांत ही पट्टी थरथरते, तेव्हा पंख्यासारख्या दातांच्या दाबपट्टीने ती टेबलाला आणि आधाराला चिकटून ठेवा, बोटं लांब.

तयार बोर्डावर नंतर वरून चावी बसवायची असेल तर तीही उभ्या धाग्यांची हवी, निदान १० मिमी खोल आणि ४० मिमीपेक्षा लांब नको. सुटलेला जोड असली चावी धरून ठेवत नाही, ती शोभेचीच. मोठ्या आडव्या फळीतली भेग रोखणाऱ्या चावीचे धागे भेगेला आडवे असतात, तिचं गणित इथे लागू पडत नाही.

प्रश्न: एकावर एक ठोकळे रचल्याचा भास होणारी, तीन रंगांची नक्षी कशी करतात?

ती ६० आणि १२० अंशांच्या समभुज चौकोनांची असते: फिका, मध्यम, गडद असे तीन चौकोन मिळून एक षटकोन. बाजू ३० हवी असेल तर फळीची जाडी ३० × ०.८६६, म्हणजे २६ मिमी ठेवा. करवतीचं पातं उभ्यापासून ३० अंश कलतं करा आणि फळीच्या तोंडावर मोजून ३० मिमी रुंदीच्या पट्ट्या काढा. तीन पट्ट्या १२० अंशांच्या कोपऱ्यांनी मधे भिडतात.

यात चुकीला जागा फार कमी. प्रत्येक पट्टीत अर्धा अंश चुकला तर तिन्ही मिळून दीड अंशाची फट पडते, ३० मिमीच्या तोंडाशी ती पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त भरते. गोंद ती भरत नाही. पातं डिजिटल कोनमापकाने लावा आणि तीन छोटे तुकडे कापून कोरडे जुळवून उजेडासमोर धरा.

क्लॅम्पऐवजी दर ४० मिमीला चिकटपट्टी ताणून गुंडाळा. मग षटकोनी दांड्यांतून ४३ चे तुकडे पाडा आणि ते मांडून चिकटवा. कडेला अर्धे षटकोन उरतात, त्यांचे टोकदार कोपरे आधी तुटतात. सगळं सुकल्यावर कडेने १० मिमी आत सरळ छाटा.

प्रश्न: शेवटी बोर्ड प्लेनरमधून काढला तर? जाडी मावते.

नको. प्लेनरचं पातं उभ्या धाग्यांना आडवा फटका मारतं. बाहेर पडणाऱ्या कडेचे तुकडे उडतात आणि कधी अख्खा बोर्ड मागे फेकला जातो किंवा यंत्रात फुटतो. मागच्या कडेला टाकाऊ पट्टी चिकटवून, अगदी पातळ फेऱ्या घेऊन काही जण करतात. त्यांची यंत्रं मोठी असतात आणि धोका त्यांना ठाऊक असतो.

दोन समांतर रुळांवर सरकणारी गाडी करून तिच्यात राऊटर बसवा. २५ मिमी किंवा मोठं सपाट बिट, एका फेरीत अर्धा ते एक मिलिमीटर. आधी चारी कडांनी एक फेरी घ्या आणि मग आतल्या बाजूला या, म्हणजे बिट कडेवरून बाहेर पडताना लाकूड फोडत नाही. बोर्डाखाली पोकळी असेल तिथे पाचर सारा, नाहीतर डुगडुगणारा बोर्ड सपाट करूनही डुगडुगताच राहतो.

मग पॉलिश पेपर: ८०, १२०, १५०, १८०, २२०. सगळा वेळ ८० वर जातो आणि तो घालवावाच लागतो. राऊटरचे गोल ओरखडे ८० नेच जातात, १२० त्यांना नुसतं चकचकीत करतो. तोंडभर पेन्सिलीने रेघोट्या मारा, त्या सारख्या पुसल्या गेल्या की पुढचा नंबर. १८० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. उभे राहिलेले धागे २२० ने काढा.

प्रश्न: मेपलवर लालसर डाग पडले. शेजारी पदौक (लाल रंगाचं लाकूड) आहे.

पदौकची भुकटी मेपलच्या उघड्या धाग्यांत बसली आहे. तेल लावलंत तर रंग आणखी पसरेल. जोराच्या हवेने भुकटी उडवा, व्हॅक्यूमने ओढा, १५० पासून पुन्हा घासा. तरी फिकट छटा राहिली तर हाताच्या पातळ पोलादी स्क्रेपरने फक्त मेपलचे चौकोन खरवडा. वर सांगितलेलं ओलं फडकं या जोडीला चालत नाही. पुढच्या वेळी गडद रंगासाठी अक्रोड घ्या, तो इतका रंग सोडत नाही.

प्रश्न: तेल कुठलं आणि किती? स्वयंपाकाचं चालेल का? वार्निश?

स्वयंपाकाची बहुतेक तेलं सुकत नाहीत, लाकडात राहून खवट होतात. वार्निशचा थर सुरीने चिरला जातो, पाणी त्याच्याखाली शिरतं आणि पापुद्रे निघतात. अन्नाला चालणारं मिनरल ऑइल घ्या.

पहिल्या दिवशी बोर्ड जितकं पिईल तितकं पाजा, दोन्ही तोंडांवर आणि कडांवर. फक्त वरून तेल लावलेला बोर्ड खालून ओलावा घेतो आणि वाकतो. तासाभराने कोरडे पडलेले डाग दिसतील, तिथे पुन्हा. रात्रभर ठेवा, पुसा, दुसऱ्या दिवशी परत. शेवटी मेण: वजनाने एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग तेच तेल, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर नको. पुढे पृष्ठभाग फिका आणि रुक्ष दिसला की तेल द्यायचं, तारीख बघून नव्हे.

जवस किंवा टुंग तेल सुकून कडक होतं आणि जास्त टिकतं, पण प्रत्येक हात सुकायला बरेच दिवस लागतात. त्याची फडकी चुरगाळून टाकू नका. सुकताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: लाकडात जंतू राहतात म्हणून प्लास्टिकच बरं, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

अन्नातल्या जंतूंचे अभ्यासक डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेले प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाकडावर टाकलेले जंतू आत शोषले गेले आणि पृष्ठभागावरून परत मिळवणं अवघड झालं. सुरीच्या चरांनी भरलेलं प्लास्टिक मात्र हाताने धुऊन नीट स्वच्छ होत नव्हतं. म्हणजे धुवायची सुटका नाही, पण लाकूड बाद करायचं कारणही नाही.

लाकडाची निवड मात्र महत्त्वाची. लाल ओकसारख्या मोठ्या, मोकळ्या छिद्रांच्या लाकडात उभ्या धाग्यांतून पाणी आरपार जातं, ते एंड-ग्रेनसाठी घेऊ नका. मेपल आणि अक्रोड उत्तम, सागवान चालतं. शिसवी आणि पदौक यांची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देते, घासताना मास्क लावा.

वापर झाला की गरम पाणी आणि साबण, दोन्ही बाजू, लगेच पुसून उभा ठेवायचा. पाण्यात बुडवून ठेवणं आणि डिशवॉशर, दोन्ही बंद.

प्रश्न: खाली रबराचे पाय लावू का? मग बोर्ड उलटून वापरता येणार नाही.

लावा. तीन-सव्वातीन किलोचा बोर्ड कुणी फारसा उलटत नाही, आणि खालून हवा खेळली तर दोन्ही तोंडं सारखी वाळतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या लोखंडाने ओल्या लाकडात काळे डाग पडतात, सागवान आणि ओकमध्ये हमखास. उभ्या धाग्यांत स्क्रूची पकड कमी असते, म्हणून २५ मिमी लांबीचे घ्या, आधी भोक पाडा आणि कडेपासून निदान ३० मिमी आत बसवा.